बावीसच्या रायफलला मॅग्नम काडतूस चालेल का? (वाडीत डुकरं)

सडेकर, राजापूर तालुका

नमस्कार मंडळी. बंदुकीतलं मला फारसं कळत नाही, तेव्हा हसू नका.

वडील मुंबईत नोकरीला होते. दर रविवारी रायफल क्लबावर जायचे. निवृत्त होऊन गावी आले ते .22 ची ब्रनो (चेक बनावटीची) रायफल घेऊनच. बोल्ट अ‍ॅक्शन, पाच गोळ्यांचं मॅगझिन. ते गेल्यावर कागदपत्रं करून ती माझ्या नावावर झाली, त्याला आता चार वर्षं होतील. एवढ्या काळात मी ती फक्त पुसून ठेवली आहे, आणि दर निवडणुकीला ठाण्यात जमा करून परत आणली आहे.

सड्यावर आमची हापूसची 140 कलमं आहेत. खालच्या अंगाला काजू, आणि ओढ्याकाठी घरापुरता भात नि थोडी नाचणी. यंदा गणपतीच्या तोंडावर दोन रात्रींत डुकरांनी भाताचा पार चिखल केला. सुरण, करांदे, जमिनीत जे म्हणून होतं ते उकरून खाल्लं. तीन नवी कलमं मुळासकट उलथी. माकडांचं तर विचारूच नका, शहाळी पिरगळून खाली टाकतात आणि वर बसून आपलीच मजा बघतात.

आता प्रश्न. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघतो. कोणी .17 ची रायफल घेऊन सव्वाशे मीटरवर ससा पाडतो, कोणी .22 मॅग्नम वापरतो. माझ्याकडे साधी .22 एलआर (लाँग रायफल). हीच मॅग्नम काडतुसं याच रायफलीत चालतील का? नसतील तर नळी बदलून .17 करता येते असंही वाचलं. डुकराच्या पिल्लापुरती तरी .22 पुरेल का? कुठलं काडतूस घ्यावं, एवढंच सांगा.

मांगरकार, कुडाळ

मेल्या, बावीसच्या गोळयेन डुकराक फक्त राग येतलो. मगे फुडे काय होता ता झाडार चढान बघूचा लागात. आणि तुझी कलमा ठेंगणी.

दर्यापार, मूळ देवगड, सध्या न्यूझीलंड

सडेकर, ते व्हिडिओ बहुतेक आमच्याच बाजूचे असतील. मी ओटॅगोत मेंढ्यांच्या फार्मवर नऊ वर्षं काम करतोय, आणि आठवड्यातून दोन रात्री ससे मारणं हा इथे पगारी कामाचाच भाग असतो. म्हणून जे हाताखालून गेलंय तेवढं सांगतो.

साधी .22 एलआर म्हणजे 1887 सालचं काडतूस. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. वेग सेकंदाला साधारण 330 ते 375 मीटर, आणि नळीच्या तोंडाशी जोर दीडशे-पावणेदोनशे ज्यूलचा. आम्ही सशांना आवाजापेक्षा कमी वेगाचं सबसॉनिक वापरतो आणि नळीला सायलेन्सर लावतो, तो इथे कायद्याने चालतो. एक ससा पडला तरी शेजारचा चरत राहतो. पण अंतर पन्नास-साठ मीटर. पन्नासला नेम बसवला तर शंभरावर गोळी वीतभर खाली जाते. अंधारात अंतराचा अंदाज दहा मीटर चुकला की ससा हुकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पोटात लागतो.

.22 मॅग्नम 1959 मध्ये विंचेस्टरने काढलं. गोळी तीच 40 ग्रेन, पण वेग 570 च्या घरात आणि जोर सव्वाचारशे ज्यूल. पॉसम (मांजराएवढा झाडावरचा प्राणी), मोठा ससा, शंभर मीटरपर्यंत निर्धास्त. तुझ्या रायफलीत ते बसणारच नाही. मॅग्नमची केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, लांब तर आहेच, शिवाय जाडही आहे. उलट कोणी मॅग्नमच्या रायफलीत एलआर घातलं तर ते आत ढिलं बसतं आणि केस फुगून फाटते. नाव दोन्हीचं बावीस, पण काडतूस बसायची जागा वेगळी. हे डोक्यात पक्कं ठेव, कारण दुकानदारसुद्धा कधीकधी गडबड करतात.

.17 एचएमआर 2002 चं, हॉर्नडीचं. मॅग्नमचीच केस घेऊन मान आवळली आणि त्यात 17 ग्रेनची, म्हणजे जेमतेम एक ग्रॅमची गोळी बसवली. वेग 775 मीटर. शंभरावर नेम लाव आणि सव्वाशेपर्यंत विचारच करू नको, इतकी सरळ जाते. मला स्वतःला हेच आवडतं, पण वारा सुटला की ते मी कपाटात ठेवतो. आमच्याकडे वायव्येचा वारा सुटतो तेव्हा एक ग्रॅमची गोळी पाचोळ्यासारखी बाजूला जाते. आणि सशाच्या अंगात लागली तर खायला काही उरत नाही, डोक्यातच मारावी लागते. .17 डब्ल्यूएसएम त्याहून जोरदार. त्याची केस बांधकामातल्या खिळे ठोकायच्या बंदुकीच्या काडतुसावरून घेतलेली आहे, आणि वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या पुढे.

हे सगळं खरं, पण एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. ससे आणि पॉसम इथले नाहीतच. पॉसम 1837 मध्ये फरसाठी ऑस्ट्रेलियातून आणले, ससेही त्याच सुमारास आले, आणि दोघांनी देश खाल्ला. त्यांना कसलंही संरक्षण नाही. आणि डुक्कर म्हणशील तर रानडुकरं इथेही आहेत, पण रिमफायर, म्हणजे ही .22-.17 जातीची रायफल घेऊन त्यांच्या मागे जाणारा माणूस मी नऊ वर्षांत पाहिला नाही. त्याला .243, .308 सारखी मोठी रायफल लागते.

नळी बदलून .17 करायचं तर बोल्ट, मॅगझिन सगळंच जुळवावं लागतं. तुझ्या रायफलीवर ते करू नको. आपल्याकडे तर ते लायसन्सवरचं हत्यारच बदलणं झालं.

माजी सुभेदार, मंडणगड

दर्यापारने काडतुसांचं नीट सांगितलंय, त्यात मी भर घालणार नाही. बाळा सडेकर, तुला दोन गोष्टी विचारतो आणि तिसरी सांगतो.

पहिली. लायसन्स काढ आणि त्यात 'उद्देश' म्हणून काय लिहिलंय ते वाच. मी अंदाजाने सांगतो, पीक संरक्षण नसेल. शस्त्र कायदा 1959, कलम 13. लायसन्स कोणाला द्यावंच असं त्यात सांगितलंय. पिकाच्या राखणीसाठी म्हणून तिथे ठासणीच्या बंदुकीचं नाव आहे, आणि ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचं. .22 च्या रायफलीचं नाव वेगळ्या ओळीत येतं: मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला, निशाणेबाजीच्या सरावासाठी. तुझे वडील रविवारी क्लबावर जायचे असं तूच लिहिलंयस. म्हणजे ती रायफल कागदाला भोकं पाडण्यासाठी दिलेली आहे. ती घेऊन रात्री भातात बसलास तर डुक्कर मरो न मरो, लायसन्स पहिलं मरेल.

दुसरी. परवानगी आहे का? वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे रानडुक्कर हा संरक्षित प्राणी. आपल्या जमिनीत आलं म्हणजे आपलं झालं, असं नाही. कलम 11 मध्ये वाट आहे: प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, आणि मालमत्तेत उभं पीकही धरलंय, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी हुकूम देऊ शकतो. तोंडी नाही, लेखी. आणि त्या हुकुमाने मारलेलं डुक्करसुद्धा कलम 39 खाली सरकारची मालमत्ता. गावात मटणाचे वाटे घातलेस की संपलास. माकडाचा तर विचारही डोक्यातून काढ. पूर्वी उंदीर, कावळा, वटवाघूळ यांची 'उपद्रवी' म्हणून वेगळी पाचवी अनुसूची होती. 2022 च्या दुरुस्तीने तीही काढली. आता कोणाला उपद्रवी म्हणायचं ते केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं.

तुला वाटेल म्हातारा कायदा शिकवतोय. तर आता तिसरी, आणि ती कायद्याची नाही, कातळाची आहे.

मी फौजेत बावीस वर्षं होतो, त्यातली सहा रेंजवर पोरांना नेमबाजी शिकवण्यात गेली. रेंजवर लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बंधारा असतो. का? गोळी थांबावी म्हणून. तुझ्या सड्यावर काय आहे? जांभा. वर बोटभर माती आणि खाली सलग कातळ, भोवती जांभ्याचाच गडगा. .22 ची गोळी नुसत्या शिशाची, संथ आणि गोल नाकाची. कातळावर तिरकी लागली की ती फुटत नाही, उसळी मारते. पाण्यावरही तसंच, भातात तळं साचलेलं असेल तर तेही कातळासारखंच समज.

मी सुट्टीवर आलो होतो तेव्हाची गोष्ट. चुलतभावाने कौतुकाने त्याच्या मित्राची .22 आणली, गडग्यावर करवंटी ठेवली आणि मला म्हणाला, दाखव. मीही शहाणा, दाखवलं. करवंटी राहिली जागेवर, गोळी गडग्याला लागून सणाणत वर गेली, आणि दोन बिघे पलीकडे मांगराच्या पडवीचं एक कौल खळ्ळकन फुटलं. त्या पडवीत वहिनी भात कांडत बसली होती. तिने वर पाहिलं, तिला वाटलं माकड. आम्ही दोघं काही बोललो नाही. सहा वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला माणूस मी, आणि मागे काय आहे ते न बघता घोडा ओढला.

या काडतुसाच्या खोक्यावरच छापलेलं असतं की गोळी मैल-दीड मैलापर्यंत धोक्याची आहे. निदान दीड किलोमीटर धर. तुझ्या सड्यावरून दीड किलोमीटरच्या आत किती वाड्या आहेत, मोज. शाळा, पाखाडीवरून येणारी पोरं, पहाटे काजूच्या बिया वेचायला आलेल्या बायका. माकडावर नेम धरशील तेव्हा नळी आकाशाकडे असेल, आणि ती गोळी कुठेतरी खाली येणारच.

.17 ची गोळी कातळावर फुटून जाते, उसळी कमी मारते, हा तिचा गुण मी मान्य करतो. पण नेमक्या त्याच गुणामुळे ती डुकराच्या खांद्यावर चामड्यातच फुटेल. शंभर किलोचा दांतेरी एकांडा, त्याच्या खांद्यावर गादीसारखं जाड चामडं, त्यावर वाळलेला चिखल. .22 एलआरचे पावणेदोनशे ज्यूल कुठे आणि .315 च्या मोठ्या शिकारी रायफलीचे तीन हजारांच्या आसपासचे कुठे. जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरलं की सकाळी कोण जाणार मागावर? ते तिथे आठ दिवस कुजत मरेल, नाहीतर शेण गोळा करायला गेलेल्या बाईवर येईल. आणि पिल्लासाठी म्हणशील तर पिल्लू एकटं कधी येतं?

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: डुकरासाठी रिमफायरमधलं कुठलंही काडतूस नको. हुकूम मिळालाच तर ज्याच्याकडे पीक संरक्षणाची बारा बोअर आहे आणि ज्याचा हात बसलेला आहे, त्याला बोलव.

काजूवाली, लांजा

सुभेदारकाकांचं अगदी बरोबर. पण सडेकरदादा, तुम्हाला भात वाचवायचा आहे ना? मग माझं ऐका, बंदूक आमच्याकडेही आहे, सासऱ्यांची ठासणीची. बार काढला की डुकरं पळतात आणि तासाभरात परत येतात. त्यांनाही आता कळलंय.

आम्ही मागच्या वर्षी सौर कुंपण घातलं. वनखात्याच्या योजनेतून अनुदान मिळतं, अर्जाला वेळ लागतो पण मिळतं. खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवायची, नाहीतर डुक्कर नाक खाली घालून आरामात जातं. खरा त्रास पावसाळ्यात. गवत वाढून तारेला टेकलं की सगळा झटका जमिनीत जातो. आषाढ-श्रावणात मी दर आठ दिवसांनी कोयता घेऊन तारेखालचं गवत काढत फिरते. कंटाळा येतो, पण भात घरात आला. माकडांवर मात्र कुंपणाचा काडीचा उपयोग नाही, ती झाडावरून येतात. त्यांना कुत्राच.

घरातली लाइट तारेला जोडायची नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि कोणी फासकी लावू म्हणाला तर हाकलून द्या. आमच्या शेजारच्या गावात डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला. दिवसभर ओरडत होता. वनखात्याची माणसं येईपर्यंत सगळा गाव मोबाइल घेऊन भोवती. ज्याच्या जमिनीत फासकी होती तो अजून तारखांना जातोय. म्हणतो, मी लावलीच नव्हती.

नुकसानीचा पंचनामा मात्र लगेच करून घ्या, फोटो काढून. माती सारखी केलीत की कोणी विश्वास ठेवत नाही.

सडेकर, राजापूर तालुका

काका, लायसन्स काढून वाचलं. तुमचा अंदाज खरा. 'निशाणेबाजीचा सराव', स्वच्छ लिहिलंय. चार वर्षं घरात आहे आणि मी ती ओळ वाचलीच नव्हती. वडिलांनी डुकरांवर कधी रायफल का उचलली नाही, याचा मला लहानपणी राग यायचा. डबे वाजवत बसायचे रात्रभर. आम्ही त्यांना भित्रे समजायचो.

सड्यावर जाऊन वाड्याही मोजल्या. दीड किलोमीटरच्या आत तीन, शिवाय खाली खाडीत पागायला येणारे. पुढे नाही मोजलं.

काजूवालीताई, उद्या वनपालांना फोन करतो. पंचनामा उशिराच होणार, पण फोटो आहेत.

आता रायफलीचं काय, ते सांगा काका. विकू? आणि आणखी एक. वडिलांच्या ट्रंकेत जुनी .22 ची काडतुसं सापडली, दोन खोकी. पुठ्ठा मऊ पडलाय, काहींच्या पितळेवर हिरवं आलंय, गोळीला मेणासारखं चिकट काहीतरी लागलंय. रायफलीला मी दर दोन महिन्यांनी खोबरेल लावतो, म्हणजे ती ठीक असावी.

माजी सुभेदार, मंडणगड

खोबरेल! अरे देवा. थंडीत घरातल्या बाटलीत खोबरेल थिजतं की नाही? तसंच ते बोल्टमध्ये थिजतं, मग चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि पिन आळशी होते. रिमफायरमध्ये पिनेला काडतुसाच्या बुडाची कड चेपायची असते, कारण पेट घेणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. अर्धवट चेपली तर बार होत नाही. बोल्ट काढून रॉकेलने धू, कोरडा कर, आणि बंदुकीचं पातळ तेल नावाला लाव. समुद्राच्या हवेत महिन्यातून एकदा. आणि रायफल कापडी पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवत असशील तर ती पिशवी आधी फेक. पिशवी दमट हवा धरून ठेवते, मग तेल लावूनही आतून तांबेरा चढतो.

ते मेणासारखं म्हणजे मेणच. .22 एलआरची गोळी केसच्याच जाडीची असते, तिचं वंगण आत लपत नाही, बाहेरच राहतं. जुन्या ट्रंकेत उन्हाळ्यात ते वितळलं असेल. हिरवं आलेली काडतुसं उडवायची नाहीत. कडेतला मसाला ओल धरतो. घोडा ओढल्यावर नुसतं टिक होतं आणि माणूस लगेच बोल्ट उघडतो. काही वेळा मसाला रेंगाळून पेटतो. तेव्हा टिक झालं तर नळी समोर ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मगच बोल्ट. हे क्लबावर पहिल्याच दिवशी शिकवतात. तुझी ती दोन खोकी मात्र ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या दुकानदाराकडे जमा कर आणि पावती घे. विहिरीत टाकू नको, लोक टाकतात.

विकू नको. वडिलांचा क्लब अजून चालू असेल तर सभासदत्वाची चौकशी कर, नाहीतर जिल्ह्यात कुठे रेंज आहे ते बघ. ब्रनोची ती नळी नीट ठेवली असेल तर पन्नास मीटरवर पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत घालते. माणूस किती घालतो ते वेगळं. ताजी, साध्या वेगाची काडतुसं घे. एकाच प्रकारची दोन खोकी संपेपर्यंत दुसरी घेऊ नको, रायफलीला कोणती मानवतात ते त्याशिवाय कळत नाही.

आणि त्या मॅगझिनची स्प्रिंग बघ. चार वर्षं पाच गोळ्या भरून ठेवलेल्या नाहीत ना?

सडेकर, राजापूर तालुका

भरलेल्या होत्या. आत्ता काढल्या.